करवंदपाड्याच्या शाळेचा टोप

मी टोप बोलतोय. जाड बुडाचा, दोन कानांचा, जर्मनचा म्हणजे ॲल्युमिनियमचा टोप. हसू नका. शाळा म्हटलं की तुम्हाला फळा आठवतो, घंटा आठवते, फार तर गुरुजींची छडी आठवते. टोप कुणाच्या ध्यानात नसतो. पण करवंदपाड्याच्या शाळेत पोरं फळ्यासाठी येत नव्हती, माझ्यासाठी येत होती. आलोच आहोत म्हणून मग फळ्याकडेही बघायची. फळ्याला राग आला तर येऊ दे.

माझा जन्म वसईच्या बाजूला एका पत्र्याच्या शेडमध्ये झाला. चकती यंत्रावर गरगर फिरत होती आणि एक कामगार लोखंडी दांड्यानं तिला दाबत होता. दाबता दाबता चकतीचा टोप झाला. तो शेजारच्याला म्हणाला, "देखना, ये शादी में जाएगा. पूरी बारात खाएगी इसमें." मी हुरळून गेलो. नव्या भांड्याला आपण कुणाच्या चुलीवर जाणार हे कुठं ठाऊक असतं?

बोईसरच्या बाजारात भांड्यांच्या दुकानात मला छताला उलटं टांगलं. खाली कुकर आणि डबे खपत होते. कंपनीत नुकती नोकरी लागलेली जोडपी यायची, माझ्याकडे बोट दाखवून हसायची. एवढ्या टोपात दोघांचा भात शिजवला तर आत बसूनच जेवावं लागेल, असं एकजण म्हणालाही. ऐकून घेतलं.

मग करवंदपाड्याच्या शाळेत शिकवणाऱ्या हेमालीबाई आल्या. त्या घिवलीच्या, घरचे लोक मच्छीमार, आणि आवाज वाऱ्यावर मात करणारा. "शाळेला पायजे, खिचडीसाठी. बूड जाड द्या, आमच्याकडे लाकडावर शिजतं," त्या म्हणाल्या. दुकानदारानं भाव सांगितला. बाजारात मासे विकणाऱ्या घरातली बाई ती, तिच्यापुढे तो किती टिकणार! शेवटी त्यानं कोरायचं यंत्र घेतलं आणि माझ्या पोटावर अक्षरं काढली – जि. प. शाळा, करवंदपाडा. त्या दिवशी मला नाव मिळालं.

टमटममध्ये बाईंच्या मांडीवर बसून मी बेटेगाव मागं टाकलं आणि डोंगराच्या पोटाशी असलेल्या पाड्यावर आलो. शाळा म्हणजे दोन खोल्या. एका खोलीचं छप्पर गळायचं म्हणून चारही वर्ग दुसऱ्या खोलीत, आणि चारही वर्गांना बाई एकच. छपराबद्दल बाईंनी कितीदा वर कळवलं. पण वरची माणसं वरच राहतात आणि गळतं खाली, त्याला कोण काय करणार?

शाळेचा भात शिजवायची मंगळी. पाड्यातलीच म्हातारी, काटक आणि तोंडाची तिखट. तिनं बोटाच्या पेरानं मला ठोकून पाहिलं आणि म्हणाली, "आवाज लय करतंय. आवाज करणारा टोप लवकर चेपतो." पहिल्याच दिवशी पाणउतारा! पण चुलीवर चढवायच्या आधी तिनं माझ्या बुडाला राख-मातीचा लेप असा हळुवार लावला, की मी सगळं विसरलो.

पाड्याची रीत तुम्हाला ठाऊक असेल, नसेल तर सांगतो. भात कापून झालं, दिवाळी सरली, की घरांना कड्या लागायच्या. माणसं भिवंडी-वसईकडे वीटभट्टीवर जायची ती पाऊस तोंडाशी आला की परतायची. पोरं बरोबर. मागं ठेवून त्यांना खायला कोण घालणार? तिकडं मोठी माणसं विटा पाडायची आणि पोरं ओल्या विटा उलट्या करायची. शाळेच्या हजेरीवर नाव असायचं, पोर नसायचं.

मंगळीचा लेक जिवल्या. तोही बायकोला आणि लेकीला घेऊन निघाला होता. लेकीचं नाव दीपाली. डोळे मोठे, बोलणं कमी, आणि खिचडी वाढताना ताट दोन्ही हातांनी धरायची खोड. हेमालीबाईंनी जिवल्याला चुलीशीच गाठलं.

"पोरीला ठेव इथं आजीकडं. दुपारचं शाळेत जेवेल, रात्रीचं आजी घालील."

"आजी काय घालील, बाई? तिलाच कोण घालतं?"

मंगळीनं माझ्यातला डाव बाहेर काढला आणि त्याच्यासमोर धरला. "जिवल्या! येवढ्या पोरांना मी जेवू घालते, आन माझी नात उपाशी ठेवीन काय? जा तू. पोर नाय येणार."

जिवल्या गेला, दीपाली राहिली. मला विचाराल तर माझ्या आयुष्यातला सर्वांत मोठा दिवस तो. वरात नाही जेवली माझ्यात, पण एक पोर भट्टीवर गेलं नाही.

दीपाली अक्षरं कशावर शिकली, सांगू? माझ्यावर. जेवणं झाली की आजी मला घासायला घ्यायची आणि ही शेजारी बसून माझ्या पोटावरच्या अक्षरांवर बोट फिरवायची. शाळा. पाडा. करवंद. बोट काजळीनं काळं व्हायचं आणि ती ते फ्रॉकला पुसायची. त्या घरात वाचता येणारं पहिलं माणूस म्हणजे ती. पुढच्या दिवाळीला आणखी काही पोरं आजी-आजोबांकडे राहिली. त्याच्या पुढच्या दिवाळीला आणखी. शाळा उन्हाळ्यापर्यंत भरायला लागली. हे मी केलं असं म्हटलं तर गर्व होईल. पण उगाच कुणी फळ्याला हार घालू नये.

माणसांच्या तऱ्हा मी पुष्कळ पाहिल्या. कारखान्यांची माणसं यायची, दप्तरं वाटायची, पोरांना ओळीत उभं करून फोटो काढायची. फोटोत मी काळा दिसतो म्हणून मला पायानं बाजूला सारायची. दप्तरं पावसाळ्यात उसवायची, मी मात्र रोज चुलीवर. पाड्यात लग्न निघालं की मला मागून न्यायचे, आणि परत देताना एखादा पोचा भेट द्यायचे. मंगळी शिव्या घालायची आणि पुढच्या लग्नाला पुन्हा द्यायची. माझं काही म्हणणं नव्हतं. पाड्याचा टोप पाड्यात फिरणारच.

मग एका वर्षी, भातकापणीच्या सुमारास बातमी आली. आधी बाईंच्या मोबाइलवर, मग बाजारात, मग चुलीशी. कमी पटाच्या शाळा मोठ्या शाळेत मिसळणार. त्याला म्हणे समायोजन म्हणतात.

"म्हंजे काय?" मंगळीनं विचारलं.

"म्हणजे कुलूप," बाई म्हणाल्या आणि माझ्यातली खिचडी न चाखताच आत गेल्या.

मोठी शाळा होती रस्त्यापलीकडे. रस्ता म्हणजे मनोरकडून बोईसरच्या कारखान्यांकडे जाणारा. त्याच्यावरून लोखंडी पत्र्याची अवजड गुंडाळी घेतलेले ट्रेलर दिवसरात्र धावतात. मोठी माणसं तो ओलांडताना देवाचं नाव घेतात. पहिली-दुसरीतल्या पोरांनी कुणाचं घ्यायचं?

शिक्षण खात्याचे साहेब पाड्यावर येणार होते, पालकांचं म्हणणं ऐकून घ्यायला. हेमालीबाईंनी सगळ्यांना ओट्यावर बसवून सांगितलं, "माझे हात बांधलेले आहेत. मी साहेबांपुढं बोलले तर माझी बदली होईल आणि शाळाही जाईल. शाळा तुमची. तुमी बोला. पालक नाय म्हणाले तर साहेबांना ते लिहावं लागतं. फक्त गप नका बसू."

"बोलणार! का नाय बोलणार?" धर्माजी म्हणाला. तो शाळेच्या समितीचा अध्यक्ष, पाड्यातलं जाणतं माणूस. त्या दिवसापासून तो रोज माझ्या चुलीशी यायचा आणि मंगळीला साहेब समजून भाषण करायचा. "साहेब, आमची पोरं भट्टीवर जायाची ती या शाळंनं थांबवली. ही शाळा नेली तर पोरं पुना भट्टीवर जातील. आमची पोरं त्या रस्त्यापल्याड जाणार नाय."

"लांबण लावू नको," मंगळी म्हणायची. "शाळा देणार नाय, येवढंच म्हण. आन मोठ्यानं म्हण."

धर्माजीला भाषण पाठ झालं होतं. मलाही झालं होतं.

मग मंगळीनंच विचारलं, "साहेब दुपारचा येणार. त्याला जेवाय काय?"

इथं आमचं चुकलं. पण तेव्हा ती चूक कुणालाच दिसली नाही. घरोघरचं काहीतरी आलं. कुणी नवा तांदूळ दिला, कुणी मसाला, जिवल्यानं घरातली एकुलती एक कोंबडी दिली. हेमालीबाईसुद्धा खूश झाल्या. पोट भरलेला माणूस नरम पडतो, हा त्यांचा समुद्राकाठचा हिशेब. पाड्याचा हिशेब त्यांना ठाऊक नव्हता.

पाड्याचा हिशेब असा. पाहुणा पानावर बसला की त्याला नाही म्हणायचं नाही. तो मुलगी मागायला आलेला असो की भांडायला आलेला असो. जेवू द्यायचं, हात धुऊ द्यायचा, ओट्यावर टेकू द्यायचं, तंबाखू मळून द्यायची. मग बोलायचं. मग हवं तर डोकं फोडायचं. पण घास तोंडात असलेल्या माणसाचं मन मोडायचं नाही. कित्येक पिढ्या हे असंच चालत आलंय आणि त्यांच्यात त्यानं कुणाचं नुकसान झालं नाही, कारण दोन्ही बाजूंना ते ठाऊक असतं.

साहेब आले. माणूस वाईट नव्हता, हे मुद्दाम सांगतो. दुष्ट असता तर राग धरायला बरं पडलं असतं. घाईत होता, त्याला आणखी गावं करायची होती. शाळा दारातूनच पाहिली, गळकं छप्पर पाहून "अरेरे" म्हणाला, आणि बसला जेवायला. मंगळीनं पान वाढलं. सगळा पाडा भोवती उभा. दीपाली आजीच्या लुगड्यामागं.

"वा! गावठी कोंबडी!" साहेब खुलले. दोन घास झाले आणि तोंडातला घास न थांबवता त्यांनी विचारलं, "बरं का मंडळी, ही शाळा मोठ्या शाळेत मिसळायचं ठरतंय. मुलांना गाडी मिळेल, कॉम्प्युटर मिळेल, सगळं मिळेल. तर कुणाची काही हरकत आहे का?"

बायांनी खाली पाहिलं. हेमालीबाई साहेबांच्या मागं उभ्या होत्या, त्या डोळ्यांनी, हातांनी, ओठांनी धर्माजीला सांगत होत्या, बोल, आता बोल. धर्माजीनं त्यांच्याकडे पाहिलं. मग तो वाकला, माझ्यातला रस्सा डावानं घेतला आणि साहेबांच्या पानात वाढला.

"घ्या साहेब. आजून घ्या."

"म्हणजे हरकत नाही," साहेब म्हणाले आणि हसले. "छान. समजूतदार लोक आहात."

मी चुलीवर होतो. रस्सा माझ्यातच होता. अंगात असेल नसेल तेवढं बळ लावून मी आवाज करायला हवा होता. पण भरलेल्या टोपाचा आवाज होत नाही.

लोकांना वाटत होतं, अजून वेळ आहे. जेवण होईल, साहेब ओट्यावर टेकतील, मग धर्माजी बोलेल. जिवल्यानं घोंगडी अंथरून ठेवली होती, तंबाखूची डबी काढून ठेवली होती. साहेबांनी हात धुतले, रुमालाला पुसले आणि सरळ गाडीत जाऊन बसले. धर्माजी धावला. पाड्यानं त्या माणसाला कधी धावताना पाहिलं नव्हतं.

"साहेब! साहेब, थांबा! बोलायचं ऱ्हायलंय!"

साहेबांनी काच अर्धी खाली केली. "आता काय? मघाशी विचारलं तेव्हा कुणी बोललं नाही. मी नोंद केली आहे."

"मगा तुमी जेवत होता, साहेब."

"मग?"

धर्माजीनं काचेवर हात ठेवला. ज्याला ते सांगावं लागतं, त्याला सांगून कळत नाही. काच वर गेली. मागं माझ्यात रस्सा उरला होता. तो पोरांना वाढला, पण मंगळीनं त्या दिवशी घास घेतला नाही.

"अरे, मी सांगितलं होतं ना, गप बसू नका!" बाई रडत होत्या आणि ओरडत होत्या.

"बाई, पानावरच्या माणसाला कसं बोलू?" धर्माजी म्हणाला. "आमी काय जनावरं हाव?"

पावसाळ्याच्या तोंडावर हुकूम आला. ज्या शाळेला छपराचा पत्रा मिळत नव्हता, तिला कुलूप मात्र कोरं करकरीत मिळालं. हेमालीबाईंची बदली समुद्राकडच्या एका शाळेत झाली. जाताना त्यांनी मला गळक्या खोलीतून काढून कोरड्या खोलीत ठेवलं. मोठ्या शाळेला माझी गरज नव्हती. तिथं गॅस होता, स्टीलची चकचकीत पातेली होती. मला उलटं करून फळ्याखाली ठेवलं. आता आम्ही दोघं एकटेच. भांडणार तरी कुणासाठी?

गाडी आली, खोटं कशाला बोलू! थोडे दिवस आली. मग पाड्याची वाट चिखलानं भरली आणि गाडी रस्त्यापलीकडेच थांबायला लागली. पोरांनी पायी जावं, रस्ता ओलांडावा आणि मग गाडीत बसावं. एकदा ट्रेलर असा कचकन थांबला की दीपालीच्या हातातली छत्री त्याच्या चाकाखाली गेली. पोर वाचलं. त्या दिवशी मंगळीनं तिला हाताला धरून घरी आणलं, आणि दुसऱ्या दिवसापासून पाड्यातल्या आया पोरांना धाडीनाशा झाल्या. वर काय कळवलं गेलं असेल ते मला सांगता येईल. पालक उदासीन आहेत, असं.

दिवाळी झाली. भट्टीचा टेम्पो ओढ्यापाशी येऊन उभा राहिला. मंगळीलाही जावं लागलं, शिजवायला शाळाच नव्हती तर ती इथं बसून काय करणार? बोचकी डोक्यावर घेऊन ती शाळेवरून चालली होती. खिडकीशी दीपाली थांबली. तिनं गजातून आत पाहिलं.

"आजी, भट्टीवर शाळा हाय?"

"हाय हाय. चल."

"मॅडम हाय?"

"हाय म्हणते ना! चल आता, टेम्पो जाईल."

मंगळीनं आयुष्यभर शिव्या दिल्या, पण खोटं बोललेली मी तेव्हाच ऐकली. दीपालीला ते खोटं कळलं असणार. तिनं बोचकं सावरलं आणि चालायला लागली. आता ती कुठल्याशा भट्टीवर ओल्या विटा उलट्या करत असेल. एवढी अक्षरं शिकलेला हात तो! मला त्याची लाज वाटते आणि संताप येतो, आणि दोन्हीचा काही उपयोग नाही.

मला वाटलं, माझी गोष्ट इथं संपली. गंजत नाही आम्ही, पण पांढरट होतो. तसा पांढरट होत पडलो होतो.

परवा कुलूप वाजलं. दारात धर्माजी, आणि त्याच्याबरोबर डोंगरापलीकडच्या उंबरमाळ पाड्याचा भगवंत. त्या पाड्यातही आपल्यासारखीच लहान शाळा आहे. पोरं थोडी, बाई एक.

"तुमचा मोठा टोप घेऊन जातू," भगवंत म्हणाला. "आमच्या शाळंत साहेब येणार हाय, लोकांचं म्हणणं ऐकाय. जेवण करायचं हाय. आमच्याकडं येवढा टोप नाय."

धर्माजीनं त्याचा दंड धरला. "जेवाय घालू नका. ऐक माझं. आधी बोला. चहासुदा देऊ नका. शाळा देणार नाय म्हणा, मग काय घालायचं ते घाला."

भगवंत त्याच्याकडे बघतच राहिला. "म्हंजे येवढ्या लांबून आलेला माणूस उपाशी बसवायचा? आन आमी तोंडावर नाय म्हणायचं? लोक काय म्हणतील, धर्माजी? तू असं बोलतोस?"

स्वतःच्या पाड्यात धर्माजीही हेच म्हणाला असता. त्यानं दंड सोडला आणि मला उचलायला हात लावला.

तर आज मी उंबरमाळच्या शाळेमागं चुलीवर आहे. इथल्या बायांनी माझ्या बुडाला लेप लावलाय, मंगळीइतका चांगला नाही, पण लावलाय. नवा तांदूळ आलाय. कोंबडी सोलून झाली. पोरं भोवती नाचतायत, आज खिचडी नाही, कोंबडी मिळणार म्हणून. एका पोरीनं माझ्या पोटावरची अक्षरं वाचली आणि विचारलं, "करवंदपाडा? हा टोप आपल्या शाळंचा नाय?" तिला बाजूला सारलं, सगळे कामात आहेत.

तुम्ही शिकलेली माणसं. तुम्हाला माझं बोलणं ऐकू जातंय, इथं कुणाला जात नाही. तुमच्यापैकी कुणी मनोरला असाल, बोईसरला असाल, पालघरच्या कचेरीत असाल, तर फटफटीला लाथ मारा आणि या. इथल्या लोकांना सांगा, आधी बोला, मग वाढा. नाहीतर त्या साहेबांना सांगा की पान उचलल्यावर एकदा, फक्त एकदा, पुन्हा विचारा.

लाकडं धडधडून पेटलीत. पाण्याला आधण आलंय. खाली ओढ्यापाशी गाडीचा हॉर्न वाजला, आणि पोरं "साहेब आले, साहेब आले" म्हणत धावत सुटलीत. तांदूळ अजून सुपातच आहे.

कुणीतरी या, आणि मला या चुलीवरून उतरवा.